भिंत गुणगुणते: येळ्ळूरच्या एका घरातलं वीज-पाण्याचं प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. राहायला बेळगावजवळच्या येळ्ळूरला, कामाला उद्यमबागेत एका फाउंड्रीत. ख्याली-खुशाली काही नाही, थेट मुद्द्यावर: "अरे, आमचा मीटर पळूलालाय बघ. सतराशे बिल आलंय. येऊन बघून जा."

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवतो. त्यामुळं पै-पाहुण्यांत कुणाचा मिक्सर बंद पडला तरी बोलावणं मलाच. पण सतराशे रुपये ऐकून मीही चमकलो. त्या घरात दीड-दोन वर्षं बिल शून्य येत होतं. एसी नाही, वॉशिंग मशीन नाही, माणसं पाच: मामी, दादा, वैनी आणि दोन मुलं. एवढ्या घरात २०८ युनिट जातात कुठं?

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे त्यात मी स्वतः एकदा सपशेल चुकलो. आणि वीज जिथं जात होती तिथं आपण सहसा बघतच नाही.

बिल काय म्हणत होतं

आपल्याकडं बिल कन्नडमध्ये येतं. मामीला ते वाचता येत नाही, दादाला आकड्यांपुरतं येतं, मुलं शाळेत कन्नड शिकतात म्हणून त्यांना सगळं येतं. पण बिल वाचायला मुलांना कोण बसवतो? तरी 'इंदिन' म्हणजे आजचं रीडिंग, 'हिंदिन' म्हणजे मागचं आणि 'बळके' म्हणजे वापर, हे तीन शब्द ओळखता आले की काम भागतं. मी पाच महिन्यांची बिलं मागवली. तीन देव्हाऱ्याखालच्या खणात सापडली, दोन थोरल्याच्या मोबाइलमध्ये. वापर असा: नोव्हेंबर ११८, डिसेंबर १३१, जानेवारी १४९, फेब्रुवारी १६८, मार्च २०८.

गृहज्योती योजनेचा हिशेब इथं समजून घ्यावा लागतो. जुलै २०२३ च्या वापरापासून कर्नाटकात ती लागू झाली. २०२२-२३ या वर्षातला तुमच्या घराचा महिन्याचा सरासरी वापर घ्यायचा, त्यावर दहा टक्के मिळवायचे, तेवढे युनिट फुकट. त्याच्यावर गेलात पण २०० च्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की मात्र सवलत संपली, पहिल्या युनिटापासून सगळं बिल आपलं. दादाची सरासरी १२४, म्हणून हक्काचे १३६. जानेवारीत तेरा युनिट जास्त गेले, फेब्रुवारीत बत्तीस. ते किरकोळ पैसे थोरल्यानं फोनवरून भरून टाकले आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. मार्चमध्ये दोनशेवर आठ युनिट गेले आणि त्या आठांनी २०८ चं बिल अंगावर आणलं.

दर महिन्याला वाढीचं एक कारण तयारच होतं, हेही लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत थंडी होती, गीझर लागत होता. फेब्रुवारीत मुलांची परीक्षा, रात्रीचे दिवे. मार्चमध्ये पंखे. वाढ जर एकदम झाली असती तर कुणीतरी दचकलं असतं. ती हळूहळू झाली, आणि प्रत्येक वेळी ऋतू जामीन राहिला.

घरात आरोपी ठरलेलेच होते. दादाच्या मते मीटर खराब. वैनींच्या मते थोरल्याचा कॉम्प्युटर. थोरल्याच्या मते आज्जीचा टीव्ही. फ्रिजवर सगळ्यांचाच थोडा थोडा राग.

पहिला रविवार

राजहंसगडाच्या पायथ्याकडं पसरलेल्या बासमतीच्या शिवारात तेव्हा धूळ उडत होती. पोहोचलो तो नऊ वाजले होते. कौलारू जुनं घर मागं आहे, त्याच्यापुढं वीस वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं. परड्यात विहीर, स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. मीटर पुढच्या सोप्यात.

आधी मीटरवरचा संशय फेडला. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ छापलेलं असतं की एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो. दादाच्या मीटरवर ३२००. मेन स्विच पाडला, लुकलुकणं थांबलं. म्हणजे मीटर उगाच पळत नव्हता. मग घरातलं सगळं बंद ठेवून एकटी इस्त्री लावली. हजार वॅटची इस्त्री तासाला एक युनिट खाते, म्हणजे मिनिटाला साधारण त्रेपन्न वेळा दिवा लुकलुकायला हवा. धाकट्याला मोजायला बसवलं, मी घड्याळ धरलं. बावन्न आले. मीटर प्रामाणिक निघाला, आणि दादाचा चेहरा जरा पडला. तक्रार करायला त्याला कुणीतरी बाहेरचं हवं होतं.

मग कॅलेंडरच्या पाठीमागं हिशेब मांडला. तीन पंखे सत्तर-पंच्याहत्तर वॅटचे, दिवसाला दहा तास: महिन्याला त्रेसष्ट-चौसष्ट युनिट. फ्रिज तीस. दिवे पंधरा. टीव्ही आणि त्याच्या खालचा तो सेट-टॉप बॉक्सचा डबा, जो टीव्ही बंद असला तरी रात्रभर जागाच असतो, मिळून सतरा. विहिरीवरची मोटार नऊ. मिक्सर, इस्त्री, मोबाइल, सटरफटर आठ. गीझर उन्हाळ्यात बंद. बेरीज एकशे बेचाळीसच्या पुढं जाईना. बिलात २०८. सहासष्ट युनिट बेपत्ता.

मोटारीचे नऊ मी दादाला विचारून लिहिले होते. "टाकी किती वेळा भरता?" "एकदाच की रे. पंधरा मिनिटांत भरते." एक हॉर्सपॉवरची मोटार तासाला साधारण एक युनिट घेते, पंधरा मिनिटं म्हणजे पाव युनिट. महिन्याला आठ-नऊ. मी लिहून पुढं गेलो. चूक इथं झाली, पण ती तेव्हा दिसली नाही.

दुपारी संडासाच्या फ्लशमध्ये गळती सापडली. याची सोपी परीक्षा आहे: टाकीत कपड्याला घालायची नीळ चिमूटभर टाकायची आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात निळी रेघ उतरली तर वॉशर गेलाय. इथं रेघ कसली, निळा ओघळच आला. वॉशर बदलण्याआधी गळती मोजली, तर दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी नुसतं सेप्टिक टँकमध्ये चाललं होतं. मी विजयी मुद्रेनं सांगितलं, "हे बघा चोर. पाणी गेलं की टाकी रिकामी, टाकी रिकामी की मोटार." तीस रुपयांचा वॉशर बसवला. वैनींनी मटकीची उसळ आणि भाकरी वाढली, मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि शहापूरला परत आलो. सोमवारी वर्गात पोरांना ही गोष्ट सांगूनही टाकली.

दादाला एक काम लावून आलो होतो: रोज सकाळी सातला मीटरचा आकडा पाठवायचा. सोमवार ते मंगळवार ६.८ युनिट. मंगळवार ते बुधवार ७.०. बुधवार ते गुरुवार ६.९. मार्चमध्ये दिवसाला सरासरी ६.९ च जात होते. काहीच फरक नाही!

तेव्हा कागद घेऊन बसलो आणि स्वतःचीच लाज वाटली. हजार लिटर चढवायला पाव युनिट लागतं, तर दीडशे लिटरला किती? चार शतांश युनिट. महिन्याला सव्वा. मी सहासष्ट युनिटांचा चोर म्हणून सव्वा युनिटाचा भुरटा पकडून आणला होता. गळती बंद केली हे चांगलंच झालं, पाणी ते पाणीच. पण विजेच्या हिशेबात तिला जागा नव्हती.

मामी काय म्हणत होत्या

पुढच्या शनिवारी रात्रीच्या मुक्कामाला गेलो. जेवणं झाली, मुलं आत गेली. मामी सोप्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. मी मीटरची कथा सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "खरं काय रे, रात्रीची भिंत कशानं गुणगुणते?"

"कुठली भिंत?"

"न्हाणीकडली. माझी खाट तिला लागून आहे न्हवं. रात्री झोप लागत न्हाई मला. मध्येच गुणगुणायला लागते, मग गप होते. परत गुणगुणते."

वैनी हसल्या. "भाऊजी, त्या दिवाळीपासून हेच सांगूलाल्यात. आम्ही म्हटलं कान वाजत असतील."

दिवाळीपासून. मी दादाकडं वळलो. दिवाळीत काय केलंत? तर दिवाळीत विहिरीवरची जुनी मोटार काढून पाण्यात बुडणारी नवी बसवली होती. आणि टाकीला ऑटो स्विच. पाणी अर्ध्यावर आलं की मोटार आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद. पहिल्या रविवारी हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. आणि दादानं "एकदाच भरतो" म्हटलं ते जुन्या सवयीनं. स्वतः बटण दाबायचा तेव्हा एकदाच भरायचा. आता भरणारा तो नव्हता.

जुनी मोटार काठावर बसायची. तिचा आवाज गल्लीभर जायचा. नवी पाण्याखाली, तिला तोंडच नाही.

रात्री अकराला सोप्यात खुर्ची टाकून मीटरसमोर बसलो. फ्रिज चालू होता तोवर दिवा मिनिटाला सहा-सात वेळा लुकलुकायचा, फ्रिज थांबला की मिनिट-सव्वा मिनिटाला एकदा. तो टीव्हीखालचा डबा. पंखे मी मुद्दाम बंद ठेवायला लावले होते, त्याबद्दल आतून थोरल्याची कुरकुर ऐकू येत होती. अकरा चाळीसला दिवा अचानक नाडीसारखा पडायला लागला. सेकंदाला एक. टाँगटेस्टर, म्हणजे वायरला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र, घेऊन परड्यात गेलो, मोटारीच्या वायरला लावला: पाच अँपिअर. विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी शांत, वर चांदणं. आवाज म्हणून काही नाही. सात मिनिटांनी दिवा पुन्हा मंदावला.

घरात एक नळ चालू नव्हता. सगळी झोपलेली.

एक दहाला पुन्हा. दोन चाळीसला पुन्हा. या तिसऱ्या वेळी आतून मामींचा आवाज आला, "लागली बघ भिंत." मी न्हाणीच्या भिंतीला तळहात टेकला. आतल्या पाइपातून बारीक कंप येत होता. विहिरीकडून टाकीकडं जाणारी लाइन त्याच भिंतीतून वर गेली आहे.

पाणी कुठं जात होतं

सकाळी सहाला स्लॅबवर गेलो. मोटारीचा एमसीबी पाडला, टाकीतून घरात उतरणाऱ्या लाइनचा गेटव्हॉल्व्ह घट्ट बंद केला. आता टाकीला येणं नाही, जाणं नाही. एक काठी टाकीत उभी धरून पाण्याच्या पातळीला कोळशानं खूण केली. अर्ध्या तासानं पुन्हा काठी घातली. पाणी खुणेच्या खाली जवळजवळ वीतभर उतरलं होतं.

टाकी कुठंच ओली नव्हती. स्लॅब कोरडा, भिंत कोरडी, खाली परड्यात चिखल नाही. आणि अर्ध्या तासात दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी नाहीसं.

टाकीभोवती फिरून जोडणी बघितली तेव्हा उलगडा झाला. मोटारीची लाइन टाकीच्या तोंडातून वरून पडायला हवी. इथं ती खालून, तळाशी जोडली होती. वर नेऊन वाकवायला सहा-सात फूट पाइप आणि दोन एल्बो जास्त लागतात, ते वाचवलेले. असं केलं की मोटार बंद झाल्यावर टाकीतलं पाणी त्याच पाइपानं परत खाली यायला बघतं. त्याला अडवायला विहिरीच्या काठाजवळ लाइनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. पाणी वर जाताना त्याची झडप उघडते, परत यायला लागलं की स्वतःच मिटते. सगळी भिस्त त्या एका झडपेवर.

युनियन, म्हणजे पाइपाचा सुटा होणारा सांधा, सोडवून व्हॉल्व्ह काढला आणि ओट्यावर आणून उघडला. पितळेचा, मुठीएवढा. झडपेच्या कडेला पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा चुरगळलेला तुकडा चिकटला होता आणि त्यात पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा कीस अडकलेला, नखाच्या कातरणाएवढा. झडप मिटायची, पण तेवढी फट ठेवून. त्या फटीतून पाच महिने पाणी घासून जात होतं. रबराच्या वॉशरला एका बाजूला चंद्रकोरीसारखी खाच पडली होती. सुरुवातीला फट केसाएवढी असणार, म्हणून नोव्हेंबरात काही जाणवलं नाही. खाच वाढत गेली तसं बिल वाढत गेलं. मी तो वॉशर धाकट्याच्या तळहातावर ठेवला. तो म्हणाला, "एवढ्याचे सतराशे?"

हिशेब असा लागतो. मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास पाणी टाकीतून विहिरीत परत जात होतं. स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस सोडून ठेवावा तसं. दीड तासात पाचशे लिटर उतरले, टाकी अर्धी झाली, ऑटो स्विचनं मोटार लावली, सात मिनिटांत पुन्हा भरली. दिवसाला सोळा वेळा. सोळा साते एकशे बारा मिनिटं, म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. बेपत्ता सहासष्टांपैकी साठ इथं सापडले. उरलेले सहा कुठंतरी पंख्या-दिव्यांत असतील, त्यांच्यामागं मी गेलो नाही.

गंमत अशी की पाणी थेंबभरही वाया गेलं नव्हतं. विहिरीतलं विहिरीत. रोज आठ हजार लिटर पाणी वर चढत होतं आणि आल्या वाटेनं घरी जात होतं. म्हणूनच कुणाला ओल दिसली नाही, विहीर आटली नाही, शेजाऱ्यांनी ओरड केली नाही. पाणी सांडलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

इथं माझं एक मत नोंदवतो. घरच्या वीजबचतीचा विषय निघाला की आपण दिवे मोजतो. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि दिव्यांची बचत बहुतेक घरांत होऊन गेली. आता दिवा मालवून फारसं काही हाती लागत नाही. आपल्या भागात घरोघरी जे काही चालतं त्यात पाणी चढवणं आणि पाणी तापवणं ही दोन कामं मोठी, आणि दोन्ही नजरेआड. शहरातही तेच आहे. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. हिडकल धरण शहराहून खालच्या अंगाला, तिथलं पाणी पंपांनी चढवूनच आणावं लागतं. वर घरच्या हौदातून स्लॅबवर आणखी एकदा. टिळकवाडीतला माणूस बादलीभर पाणी ओततो तेव्हा त्यात दोन ठिकाणची वीज असते.

दुरुस्ती आणि भांडण

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. नवा व्हॉल्व्ह बसवला, त्याच्याआधी गाळणी. आणि लाइन टाकीच्या तोंडापर्यंत वर नेऊन वरून सोडली, म्हणजे उद्या झडप पुन्हा अडकली तरी फार तर पाइपातलं पाणी खाली येईल, टाकीतलं नाही. सगळं सामान अकराशे-बाराशेत आलं. मजुरी मामाच्या घरची, म्हणजे परत मटकीची उसळ.

भांडण ऑटो स्विचवरून झालं. दादा म्हणाला, ते काढून टाक, त्यानंच घात केला. वैनी खवळल्या. "काढा की. मग टाकी भरली का बघायला स्लॅबवर कोण चढणार? तुम्ही? दिवाळीच्या आधी दिवसाआड टाकी वाहायची, शेजारच्या काकू ओरडायच्या तेव्हा मी हातातलं पीठ तसंच घेऊन बटण बंद करायला पळायची. ते पाणी आणि ती वीज कुणाच्या बिलात होती?"

वैनींचं बरोबर होतं. स्विचचा दोष नव्हता. तो सांगितलेलं काम चोख करत होता. दोष असा की मोटार चालू आहे हे घरात कुणालाच कळत नव्हतं. म्हणून मी साठ रुपयांचा एक लाल पायलट लॅम्प आणला आणि मोटारीच्या लाइनवर जोडून तो आतल्या दाराच्या चौकटीवर लावला. मोटार चालू तर दिवा चालू. मामींच्या खाटेवरून तो समोर दिसतो. जागा वैनींनीच सुचवली.

बाकीचं, थोडक्यात

हात घातलाच आहे म्हणून बाकीचं घरही बघितलं. पुढच्या आणि मधल्या खोलीतले पंखे जुने, त्यांना लाकडी बोर्डावरचे गरम होणारे रेग्युलेटर. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं आहे. पाच स्टारचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो. दोन बदलले तर उन्हाळ्यात महिन्याला चोवीस-पंचवीस युनिट वाचतात. दादानं विचारलं, "बिलच शून्य येत असेल तर अडीच-तीन हजारांचा पंखा कशाला?" प्रश्न रास्त आहे. शून्य बिलात वाचलेल्या युनिटाला किंमत नाही. पण त्याची मर्यादा १३६ आणि उन्हाळ्यातला नेहमीचा वापर १४० च्या वर. दर उन्हाळ्यात थोडे पैसे जाणारच, आणि घरात एक काही वाढलं की दोनशे दूर नाहीत. त्यानं एक पंखा घेतला, एक पुढच्या वर्षावर ढकलला. मला वाटतं फुकट विजेनं एक चांगली गोष्ट झाली: ज्यांनी जन्मात युनिट बघितले नाहीत त्यांना आता १३६ आणि २०० हे आकडे पाठ आहेत.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, बर्फ उतरवला. गीझरबद्दल मी काही बोललो नाही. त्या घरात तांब्याचा बंब अजून चालू आहे, मामींची अंघोळ त्याच्याच पाण्यानं होते. जळण म्हणून नारळाची सोडणं आणि शेतातलं काटकं-कुटकं. मुलांना गीझर हवा असतो. बादलीभर पाणी अंघोळीपुरतं तापवायला अर्ध्या युनिटाच्या आत वीज लागते. दोन मुलांनी हिवाळाभर वापरला तर महिन्याला पंचवीस युनिट धरा. तेवढं परवडतं. धुरात वैनींनी फुंकणी घेऊन बसण्यापेक्षा ते बरं.

मधल्या काळात सोलरवाला येऊन गेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार अनुदान आहे. दादा एक किलोवॅट घ्यायच्या बेतात होता. एक किलोवॅट दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं. त्यातले दोन त्या वॉशरच्या खाचेतून विहिरीत गेले असते, आणि बिल उतरलं म्हणून झडप कुणी कधी उघडलीही नसती. मी सोलरच्या विरोधात नाही. आधी एक उन्हाळा मीटर नीट बघ, मग किती किलोवॅट ते ठरव, एवढंच म्हटलं.

एक काम राहिलं आहे. स्लॅब आठशे चौरस फुटांचा आहे. बेळगावात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. वाहून-वाळून जाणारं सोडलं तरी सत्तर-पंच्याहत्तर हजार लिटर पाणी त्या स्लॅबवरून गटारात जातं, आणि विहीर वीस पावलांवर. पन्हळीचा पाइप गाळणीतून विहिरीकडं वळवायचा. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली जातं तेव्हा तेवढंच पाणी चढवायला मोटार जास्त वेळ चालते, म्हणून याचाही विजेशी संबंध आहेच. दादा म्हणाला, "मिरगाच्या आधी करूया." मृग येऊन गेला. पाइप अजून परड्यात पडून आहे.

पुढं काय झालं

दुरुस्ती एप्रिलच्या मध्याला झाली, त्यामुळं एप्रिलचं बिल मधलंच आलं: १७७. मे महिन्यात १४१. जूनमध्ये ११२, पण तोवर नवा पंखा लागला होता आणि पाऊसही, त्यामुळं त्यातलं किती कशामुळं हे मी सांगणार नाही. रोजच्या आकड्यांत मात्र फरक स्वच्छ दिसला. दुरुस्तीच्या आदल्या दिवशी ६.९, दुसऱ्या दिवशी ४.८.

मोटार आता दिवसातून दोनदा-तीनदा लागते. हे मला मीटरवरून नाही, मामींकडून कळतं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खुणांच्या शेजारी दिव्याच्या रेघा मारतात. जुलैत एका दुपारी त्यांचा फोन आला. स्वतः फोन लावणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, धाकट्याकडून लावून घेतला होता.

"अरे, आज पाचदा लागला दिवा."

मी विचारलं, फ्लश बघितला का, एखादा नळ राहिला का उघडा.

"नळ न्हाई. तुझ्या वैनीनं गोधड्या काढल्यात धुवायला," मामी म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. खरं म्हटलं, तुला कळवून ठेवावं."